एकाच रिळावर दोघं

झाग्रेब, २६ सप्टेंबर १९७४

क्रेशोला विचारायची सोय नाही, म्हणून या वहीला विचारतेय. दर गुरुवारी हा माणूस कॅमेरा घेऊन जातो कुठे?

विचारायचं नाही हा नियम आमचाच, कोणी लादलेला नाही. लग्नानंतर आम्ही बेटावर गेलो होतो तेव्हा त्याने एक अख्खं रीळ समुद्रावर घालवलं. परत आल्यावर मी तेच रीळ कोरं समजून पुन्हा कॅमेऱ्यात चढवलं आणि आईच्या स्वयंपाकघरात चित्रण केलं. धुऊन आलं तर लाकडी फळीवरून लाटा वाहतायत आणि आई त्या लाटांमध्ये शांतपणे कोबी चिरतेय. क्रेशो आधी माझ्यावर ओरडला, मग त्याने ते पुन्हा पुन्हा पाहिलं, मग म्हणाला, "झोर्का, हे आपल्यापैकी एकट्याला कधीच जमलं नसतं."

तेव्हापासून आमचा प्रत्येक चित्रपट असाच. आधी तो चित्रण करतो, रीळ मागे गुंडाळतो आणि कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून ठेवतो. म्हणजे आता माझी पाळी. मग त्याच रिळावर मी माझं चित्रण करते. त्याने काय टिपलंय ते मला माहीत नसतं, मी काय टिपणार ते त्याला नसतं. धुऊन आलं की दोघं एकदमच बघतो. जर्मनीतल्या समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. एकाने तर लिहिलं की हे युरोपातलं सगळ्यात प्रामाणिक लग्न आहे. या घरात मोजे कोण धुतं हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

वीस वर्षं हे सुखाने चाललं. आता डिसेंबरात फिल्म क्लब आमचे सगळे चित्रपट दाखवणार आहे, आणि शेवटी एक नवा हवा आहे. नव्या चित्रपटासाठी बाहेर पडतो म्हणून क्रेशो जातो आणि परत येतो तो उतरलेलं तोंड घेऊन. विचारता येत नाही.

हे पेन नवीन आहे. अक्षर फारच बारीक येतंय.

३० सप्टेंबर

आज घरात तिपाई आली. कॅमेऱ्याची. मला न विचारता.

"ही कशाला?"

"असू दे. पाठीला बरी."

"कोणाच्या पाठीला?"

"माझ्या. तुझ्या. दोघांच्या."

"क्रेशो, तिपाईवरून लोक लग्नातले फोटो काढतात."

आमच्या चित्रपटांत काही जिवंत असेल तर ते हातात धरलेल्या कॅमेऱ्यामुळे आहे, हे शाळेत भूमिती शिकवणाऱ्या या माणसानेच मला शिकवलं. मी तिपाई कपाटामागे सरकवून दिली.

दुसरं म्हणजे, हल्ली कॉफी तोच ओततो. वीस वर्षांत ज्याला कॉफीचं भांडं कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, तो आता मी उठायच्या आत उठतो. आणि माझा कप अर्धाच भरतो.

"अर्धाच का रे?"

"डॉक्टर म्हणतात कॉफी कमी प्यावी."

"कुठला डॉक्टर?"

"असंच… वर्तमानपत्रातला."

खोटं बोलताना हा माणूस नेहमी ब्रेडचे कण गोळा करतो, आणि टेबलावर एक कण उरला नव्हता.

९ ऑक्टोबर

ऑफिसात मला नकाशांवरून काढलं. इतकी वर्षं घरांच्या नकाशांवरची अक्षरं मी लिहिली, आता फायली लावायच्या. मोठे इंजिनियर म्हणाले, "झोर्काबाई, तुमची अक्षरं मुंग्यांएवढी झालीत. बांधकामावरच्या माणसाला भिंग द्यावं लागेल." त्यांच्या भाचीला माझं टेबल हवंय, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे.

घरी येताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मिल्कामावशीने अडवलं. "माझ्यावर रागावलीस का गं? हल्ली तोंड दगडासारखं करून जातेस. हसायला पैसे पडतात का?"

नाही रागावले, म्हटलं. ज्या बाईचा नवरा गुरुवारी कुठे जातो ते देवाला ठाऊक, तिने जिन्यात हसत का सुटावं?

१३ ऑक्टोबर, रविवार

माक्सिमीरच्या बागेत गेलो होतो. पानगळ छान होती. तळ्यापाशी क्रेशो म्हणाला, "तू जरा पुढे चाल."

"का?"

"बघतोय."

"काय बघतोयस?"

"तुझं चालणं. आवडतं मला."

मी चालले. मागे त्याच्या पावलांचा आवाज नव्हता, म्हणजे तो उभा राहून बघत होता. चोपन्न वर्षांच्या नवऱ्याला अचानक बायकोचं चालणं आवडायला लागलं, तर एक तर त्याने पाप केलंय किंवा त्याला मरणाची चाहूल लागलीय.

परतताना ट्रामच्या पायरीवर माझा पाय अडखळला. पडायच्या आत त्याने कोपर पकडलं, इतक्या चटकन की जणू तो त्याची वाटच बघत होता.

संध्याकाळी आणखी एक. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते आणि तो बाहेरच्या खोलीतून धावत आला. "झोर्का, तुला वास येत नाही?" शेगडीवर दूध जळून कोळसा झालं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. सर्दी झालीय, म्हटलं. तो भांडं धरून नुसता उभा राहिला. एका भांड्यासाठी इतकं दुःख करणारा माणूस हा नव्हे. त्याच्या मनात दुसरंच काही आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी त्याच्या मागे गेले. लिहायलाही लाज वाटते.

तो ट्रामच्या पुढच्या डब्यात बसला, मी मागच्या. टेकडीवरच्या इस्पितळापाशी उतरला. मी चेस्टनट भाजणाऱ्याच्या गाडीमागे उभी राहिले. दारातून एक बाई आली, पांढऱ्या कोटातली, पस्तिशीची असेल. तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. मग आपला हात समोर धरला, पंजा खाली, बोटं पसरून, एखादी बाई मैत्रिणीला नवी अंगठी दाखवते तसा. क्रेशो वाकून बघत होता. मग त्यानेही आपला हात तसाच धरला.

गाडीवाला म्हणाला, "बाई, घेणार आहात की नुसत्या शेकताय?" मी पुडी घेतली. खाल्ली नाही. एकही निवडून सोलता येईना, बोटं गारठली होती.

आता दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तो आजारी आहे आणि मला सांगत नाही, नाहीतर ही बाई आहे. ट्राममध्ये बसून मी देवाला म्हटलं, बाई असू दे. खरंच म्हटलं. बाईशी भांडता येतं.

२१ ऑक्टोबर

कॅमेरा टेबलावर आहे, भिंतीकडे तोंड करून. माझी पाळी.

आतल्या रिळात त्याचे सगळे गुरुवार आहेत. इस्पितळ असेल, ती बाई असेल, जे काय असेल ते असेल. त्याने कुठेही जाताना कॅमेरा बंद ठेवलाय असं कधी झालेलं नाही. पण मी वर माझं चित्रण केलं की त्याचं अर्धं झाकलं जाणार. त्या बाईच्या तोंडावर माझे कोबी येणार.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण लावून रीळ फिरवलं तर? उजेड आत जाणारच नाही, माझं काहीच उमटणार नाही. धुऊन येईल ते नुसतं त्याचं, स्वच्छ. बाकीच्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात. हे पाप मात्र आमच्याच घरात होऊ शकतं.

वीस वर्षांत एकदाही केलं नाही. आजही केलेलं नाही. कॅमेरा तसाच टेबलावर आहे आणि आम्ही त्याच्या बाजूला बसून जेवतो.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

सगळं शहर स्मशानात होतं. आम्ही बाबांच्या थडग्यावर शेवंती वाहिली. मेणबत्ती मला लावायची होती, पण काडी काही वातीपर्यंत जाईना. तीन काड्या फुकट गेल्या. इतरांच्या ज्योती सरळ जळत होत्या, आमच्याच जागी कुठला वारा येत होता कोण जाणे. शेवटी क्रेशोने माझ्या हातातून काडीपेटी घेतली.

मग एकदम म्हणाला, "तुझे बाबा खरंच इतके प्यायचे?"

"रोज एक पेला राकिया. का?"

"एकच?"

"सूप सांडायचे, गुंडी लागायची नाही. आई म्हणायची, बाटली लपवून ठेवलीय कुठेतरी."

"सापडली होती का कधी?"

"काय रे, थडग्यावर उलटतपासणी? तुला काय करायचंय?"

तो शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला, जिथे पुढे आम्हाला ठेवायचंय. मला इतकी भीती वाटली की मी त्याचा कोट धरला. त्याने हात माझ्या हातावर दाबून ठेवला, बराच वेळ, घट्ट. आजारीच आहे तो. माझी खात्री झाली.

४ नोव्हेंबर

केलं.

झाकण लावलेला कॅमेरा घेऊन दोलाच्या बाजारात गेले. घरात बसूनही करता आलं असतं, पण घरात बसून चोरी केल्यासारखं वाटलं असतं. कॅमेरा गुंडाळायची किल्ली आज फार जड जात होती. कोबीच्या ढिगांसमोर उभी राहून मी रीळ फिरवायला सुरुवात केली.

एक भाजीवाली म्हणाली, "अगं बाई, टोपण काढायचं राहिलं."

"माहीत आहे."

"मग काय दिसणार?"

"काही नाही. तुझे कोबी लाजू नयेत म्हणून."

तिने शेजारणीकडे बघून डोक्यापाशी बोट फिरवलं. मी संपेपर्यंत रीळ फिरवलं आणि तिथूनच प्रयोगशाळेत श्तेफला नेऊन दिलं. आमची सगळी रिळं तोच धुतो. "लवकर," म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी घाई झाली."

संध्याकाळी क्रेशोने विचारलं, "दिलंस रीळ?" त्याचा आवाज कोरडा पडला होता. त्यालाही घाई आहे. त्यात काय आहे हे त्याला माहीत आहे ना, म्हणून.

११ नोव्हेंबर

श्तेफचा फोन आला. "झोर्का, बसली आहेस का? काळं आहे."

"काय काळं?"

"सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. यावर उजेडाचा थेंब पडलेला नाही. माझ्या धुलाईचा दोष नाही, बाकीची रिळं ठीक आलीत. तुम्ही दोघांनी झाकण लावून घेतलंत की काय? जर्मन लोक यावर आता पुस्तकच लिहितील."

तो हसत होता. माझी पाचावर धारण बसली. माझं काळं येणारच होतं. पण त्याचं? त्याचंही काही नाही, म्हणजे त्याने काही टिपलंच नाही. सगळे गुरुवार खोटे. कॅमेरा नुसता घराबाहेर पडायला होता.

तो शाळेतून आला, बगलेत ब्रेड. मी कोटसुद्धा काढू दिला नाही.

"रीळ काळं आलंय."

तो बसला. "सगळं?"

"सगळं."

"म्हणजे तुझंही?"

"आधी तुझं बोल."

बराच वेळ तो ब्रेडच्या कागदाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मी झाकण लावून फिरवलं."

"का?"

"तुझं दिसावं म्हणून. नुसतं तुझं, स्वच्छ. माझ्या चित्रांमध्ये ते लपतं." मग त्याच्या लक्षात आलं. "आणि तू का लावलंस?"

"तुझी बाई बघायला."

"कुठली बाई?"

"इस्पितळाच्या दारातली. पांढऱ्या कोटातली. तुला अंगठी दाखवत होती ती."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, आणि मग खरंच रडायला लागला. "झोर्का, ती अंगठी नव्हती दाखवत. ती डॉक्टर आहे. हात कसा धरायला लावायचा ते मला दाखवत होती. घरी बघण्यासाठी."

"काय बघण्यासाठी?"

"तुझा हात."

मी म्हटलं, माझ्या हाताला काय झालंय. तो सांगत गेला. उन्हाळ्यातल्या रिळात माझं अर्धं हलत होतं. "तुझा हात मी ओळखतो. तो श्वासासारखा वरखाली होतो. हे तसलं नव्हतं, बारीक होतं, थांबतच नव्हतं." म्हणून घाबरून डॉक्टरकडे जायला लागला, तिपाईही आणली. तिने चालणं बघायला सांगितलं, वास विचारायला सांगितलं, वडिलांचं विचारायला सांगितलं. मग त्याने तो शब्द उच्चारला. कंपवात.

"आणि या रिळात माझं स्थिर आलं असतं तर?"

"तर तुला कधीच काही सांगितलं नसतं."

"आणि हललेलं आलं असतं तर?"

"ते ठरवलं नव्हतं."

मला राग आला. "महिनाभर तू मला मागून बघितलंस. बाजारात गुरं बघतात तसं."

"हो," तो म्हणाला.

मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि जेवणापर्यंत बाहेर काढले नाहीत. जेवणही तसं झालंच नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी गुंड्या लावताना पहिल्यांदा हाताकडे नीट बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी ट्रामने त्याच्यामागे हिंडत होते, आणि जे शोधत होते ते माझ्याच बाहीतून बाहेर आलेलं होतं.

मला भीती वाटते. कालपर्यंत त्याच्यासाठी वाटत होती, ती भीती बरी होती. तिच्यात मी काहीतरी करणारी होते, शेगडी पेटवणारी, उशी नीट करणारी. आता मी ती उशी आहे. आणि कॅमेरा? हात नाहीत तर मी कोण? क्रेशो समुद्र टिपेल आणि त्यावर कोणीच येणार नाही, नुसता समुद्र राहील. तसे चित्रपट कोणीही काढतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दोघं एकाच डब्यात बसून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला बोट लावायला सांगितलं, भिंतीपर्यंत चालायला लावलं, एका कागदावर लिहून घेतलं. जवळून पाहिली तर थकलेली मुलगी आहे, हाताला साधी अंगठीसुद्धा नाही. ती गोड बोलली नाही याबद्दल तिचे आभार. तोच आजार आहे. औषध आहे, नवं आहे, बऱ्याच जणांना लागू पडतं.

"कॅमेरा?" मी विचारलं.

"चालवा की."

"किती वर्षं?"

"ते मला सांगता येत नाही. सांगितलं तर खोटं ठरेल."

बाबांचं मी तिला सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "त्यांनी बहुतेक खरंच एकच पेला घेतला असेल." बाबांना अख्ख्या गल्लीने दारुडा ठरवलं होतं. आईने रागाने त्यांच्या ताटाखाली वर्तमानपत्र घालायला सुरुवात केली होती. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून रडले, स्वतःसाठी नव्हे. क्रेशो शेजारी उभा होता, कॅमेऱ्याशिवाय. त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

क्लबातून निरोप आला की नवा चित्रपट कुठपर्यंत आलाय. क्रेशोने कळवलं, "तयार आहे." मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"काळं रीळ दाखवणार लोकांना?"

"लोकांचं नंतर. आधी आपण बघू. दोघांनी मिळून केलंय, बघायला नको?"

दुपारी त्याने खिडकीवर घोंगडी टांगली आणि प्रोजेक्टर लावला. पडद्यावर काळोख सुरू झाला. खरंच दुसरं काही नव्हतं, अधूनमधून धुळीचा एखादा पांढरा ठिपका उडून जायचा. यंत्राचा आवाज तेवढा होता.

मग त्या काळोखात क्रेशोने आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "इथे कुठे होतीस?"

नियम मोडला होता. मी सांगितलं, "दोलाच्या बाजारात. कोबीसमोर. एक बाई मला वेडी म्हणाली. तू?"

"इथे खिडकीत. तू खालून येत होतीस. रस्ता ओलांडायच्या आधी थांबलीस, पायाकडे बघितलंस, मग ओलांडलास."

"झाकण लावून माझ्याकडे धरला होतास?"

"हो. सवय."

"आणि हे?"

"हे बागेतलं. तू पुढे चालत होतीस, कॅमेरा कोटाखाली धरला होता. तुझा डावा हात हलत नव्हता. उजवा हलत होता, नेहमीसारखा. मला वाटलं, एवढंच टिपून घ्यावं, आणि टिपता येईना."

मी सांगितलं की मला भीती वाटते. तो म्हणाला, मलाही. एवढंच. वीस वर्षं न विचारता राहिलो, त्यामुळे कसं बोलतात तेही धड माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तिपाई नको हं."

"नको."

"हललं तरी?"

"हललं तर हललेलं दिसेल. खाली माझा समुद्र आहेच, तोही कुठे स्थिर असतो."

रीळ संपलं. शेपूट सुटून चाक फटफटायला लागलं आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला, खोलीभर. माझा हात त्याच्या गुडघ्यावर होता आणि हलत होता. त्या उजेडात दोघांनाही तो स्पष्ट दिसत होता. प्रोजेक्टर बंद करायला कोणी उठलं नाही.